कळतं, पण काटा वळत नाही

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. पण विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चला, शेवटी औषध सापडलं. दुसरा म्हणतो, "कमी खा, जास्त चाला. त्याला सुई कशाला टोचून घ्यायची?"

गंमत अशी की दुसऱ्या तटाचं म्हणणं खोटं नाही. ते इतकं खरं आहे की त्याचा उपयोगच होत नाही. गटांगळ्या खाणाऱ्याला काठावरून "डोकं पाण्याच्या वर ठेव" असं सांगितल्यासारखं ते आहे. डोकं वर ठेवायचं हे त्यालाही कळतंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 साली जगातले सुमारे 89 कोटी प्रौढ लठ्ठ होते, आणि 1990 पासून प्रौढांमधलं लठ्ठपणाचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग म्हणजे बीएमआय. तो 30 किंवा जास्त असेल तर 'लठ्ठ'. माप ओबडधोबड आहे, त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, पण कोट्यवधी माणसांचा अंदाज घ्यायला चालून जातं.) बत्तीस वर्षांत इतक्या देशांतल्या इतक्या माणसांचा निर्धार एकाच वेळी ढासळला, हे मला पटत नाही. बदललं ते वेगळंच काहीतरी असणार.

हिशेब सोपा, हिशेबनीस अवघड

कॅलरी म्हणजे ऊर्जा मोजायचं माप. खाल्लेली ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली की उरलेली चरबीच्या रूपानं साठते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7,700 कॅलरी. इथवर सगळ्यांनाच ठाऊक असतं.

आता एक छोटं गणित करू. एखादी व्यक्ती दिवसाला 2,200 कॅलरी खाते. वर्षाच्या झाल्या आठ लाखांहून जास्त. तिचं वजन वर्षाला एक किलोनं वाढतंय, म्हणजे दहा वर्षांत कपाटातले सगळे कपडे बदलायची वेळ येणार. तिच्या हिशेबात चूक किती झाली? शंभरात एक. दिवसाला वीस-एकवीस कॅलरी, म्हणजे सफरचंदाची एखाद-दुसरी फोड. (वजन वाढलं की शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे खरं गणित याहून गुंतागुंतीचं आहे. पण चूक केवढीशी आहे ते लक्षात यावं.)

एवढ्या अचूकपणे स्वतःच्या खाण्याची नोंद कोणीही ठेवू शकत नाही. पाकिटावर छापलेल्या आकड्यांत याच्या कितीतरी पट फरक अनेक देशांच्या नियमांत बसतो. तरीही पूर्वी बहुतेकांचं वजन वर्षानुवर्षं फारसं हलत नसे, आणि ते लोक काही वही घेऊन जेवायला बसत नव्हते. तो हिशेब त्यांच्या वतीनं शरीर ठेवत होतं. मग आताच तो का चुकायला लागला?

रिझर्व्हचा दिवा असतो, टाकी भरल्याचा नसतो

1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं एक जनुक शोधलं. त्या जनुकापासून बनणाऱ्या हार्मोनला पुढे 'लेप्टिन' हे नाव मिळालं. हार्मोन म्हणजे शरीराच्या एका भागानं दुसऱ्या भागाला रक्तातून धाडलेला निरोप. लेप्टिन चरबीच्या पेशींत तयार होतं आणि मेंदूला सांगतं की साठा अमुक इतका आहे. पाच वर्षांनी, 1999 मध्ये, जपानी संशोधकांना 'घ्रेलिन' सापडलं. ते मुख्यतः पोटातून निघतं, आणि त्याचा निरोप एवढाच असतो की जेवायची वेळ झाली.

लेप्टिन सापडल्यावर मोठी आशा निर्माण झाली होती. ज्यांचं वजन जास्त त्यांच्यात लेप्टिन कमी असणार, ते टोचलं की काम झालं. तपासलं तर उलटंच निघालं. चरबी जास्त तर लेप्टिनही जास्त. निरोप जोरात जात होता, मेंदूच दाद देत नव्हता. बाहेरून आणखी लेप्टिन दिल्यानं बहुतेकांना फारसा फरक पडला नाही. फक्त ज्या अगदी थोड्या लोकांच्या शरीरात लेप्टिन जन्मतःच बनत नव्हतं, त्यांचं आयुष्य मात्र त्यानं पालटलं.

याचा अर्थ लावायला गाडीतला पेट्रोलचा काटा आठवा. पेट्रोल संपत आलं की रिझर्व्हचा लाल दिवा लागतो, काही गाड्यांत आवाजही होतो. टाकी काठोकाठ भरली म्हणून मात्र कुठलाही दिवा लागत नाही. कारण उघड आहे. रिकाम्या टाकीनं गाडी रस्त्यात बंद पडते, भरलेल्या टाकीनं कोणाचं काही अडत नाही. आपल्या शरीराची घडण अशा काळात झाली जेव्हा पुढच्या जेवणाची खात्री नव्हती. साठा घटला की आरडाओरडा करणारी शरीरं तगली. साठा वाढला म्हणून कुरकुर करायची गरज कोणाला पडलीच नाही. पहारा बसला तो एकाच दारावर, खालच्या. वरचं दार उघडं होतं तरी चालायचं, कारण तिथून आत येण्याइतकं अन्नच नसायचं.

सगळा तिढा या एकतर्फी पहाऱ्यात आहे.

छत्तीस धडधाकट तरुण

निर्धार कमी पडतो म्हणणाऱ्यांना मी एक जुना प्रयोग सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुण निवडले. सगळे स्वेच्छेनं आलेले. युद्धानंतर उपासमारीनं खंगलेल्या लोकांना पुन्हा खाऊ कसं घालायचं, हे शोधून काढण्यासाठी ते स्वतः अर्धपोटी राहायला तयार झाले होते. यांच्या निर्धाराविषयी शंका घ्यायला जागा नाही.

चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण 1,570 कॅलरी मिळाल्या आणि भरपूर चालावं लागलं. (आजच्या कित्येक डाएटच्या तक्त्यांत याहूनही कमी कॅलरी असतात, हे जाता जाता.) त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्यानं घटलं. पण त्यांचं काय झालं ते जास्त बोलकं आहे. ते चिडचिडे झाले, सतत थंडी वाजू लागली, कशात रस उरला नाही. डोक्यात फक्त अन्न. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटून पुसून लख्ख करायचे. बंधनं उठल्यावर पोट तडस लागेपर्यंत भरलं तरी भूक भागेना, आणि अंगावरची चरबी आधीपेक्षाही जास्त झाली.

त्यांच्या नाड्यांचे ठोकेही मंदावले होते. घरातली मिळकत निम्मी झाली की आपण काय करतो? दिवे लवकर मालवतो, नको ते खर्च थांबवतो. शरीर तेच करतं. आवक घटली की खर्चाला कात्री लावतं, शिवाय भूक वाढवून आवक पूर्ववत करायच्या मागेही लागतं.

ही गोष्ट फक्त उपासमारीची नाही. 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या 50 जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. वजन उतरलं. एका वर्षानं पाहिलं तेव्हा भुकेची हार्मोन्स अजूनही 'खा, खा' म्हणत होती, आणि या लोकांना प्रयोगाआधीपेक्षा जास्त भूक लागत होती. वर्ष उलटलं तरी पहारेकऱ्याच्या लेखी आणीबाणी संपलेली नव्हती.

मी स्वतः दोनदा वजन उतरवलंय आणि, माझ्या वजनकाट्याचं ऐकाल तर, अडीच वेळा वाढवलंय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "आता काही नाही, सवय झाली" असं वाटायला लागतं, नेमकी तेव्हाच रात्री अकराला स्वयंपाकघरात चक्कर होते. ही माझ्या स्वभावातली खोट आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

ताट सारखं, घास जास्त

खालच्या दारावरचा पहारा हजारो वर्षांपूर्वीचा. मग वजनं गेल्या काही दशकांतच का वाढली? कारण वरच्या दाराबाहेर आता कायम गर्दी असते.

ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेइरो यांनी अन्नाची विभागणी त्यातल्या साखर-चरबीवरून न करता, त्यावर कारखान्यात किती आणि कशा प्रक्रिया झाल्या यावरून केली. सगळ्यात टोकाच्या गटाला अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणतात. धान्य, तेल, साखर यांचे मूळ घटक सुटे करायचे, मग त्यांना रंग, वास, चव आणि टिकाऊपणा देणारे पदार्थ घालून पुन्हा जोडायचे. घरच्या स्वयंपाकघरात कधीच नसतात अशी नावं पाकिटावर दिसली, तर ते बहुधा याच गटातलं.

याचा परिणाम नीट तपासणारा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं. दोन्ही ताटांत वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू यांचं प्रमाण सारखं जुळवलेलं. वाढलेल्यातलं किती खायचं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. अतिप्रक्रियायुक्त जेवणाच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन आठवड्यांत वजन सरासरी 0.9 किलोनं वाढलं, आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. माणसं तीच, त्यांचा निर्धारही तोच. बदललं होतं फक्त ताट.

असं का होतं, याची काही कारणं दिसतात. हे अन्न मऊ असतं, फारसं चावावं लागत नाही, म्हणून खाण्याचा वेग वाढतो. त्या प्रयोगातही लोक जास्त झपाट्यानं जेवले. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो, आणि तोवर ताट रिकामं झालेलं असतं. शिवाय अशा अन्नात पाणी कमी आणि कॅलरी दाटीवाटीनं भरलेल्या असतात. पोटाला आकार कळतो, कॅलरी मोजता येत नाहीत.

पेयांची गोष्ट तर आणखी न्यारी. 2000 सालच्या एका प्रयोगात लोकांना महिनाभर रोज 450 कॅलरींची साखर दिली. आधी चघळायच्या गोळ्यांच्या रूपात, नंतर गोड पेयाच्या रूपात. काहींना उलट क्रमानं. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी नकळत बाकीचं जेवण कमी करून हिशेब जुळवला. पेयाच्या वेळी जेवण जसंच्या तसं राहिलं. प्यायलेल्या कॅलरी हिशेबनिसाच्या वहीत चढल्याच नाहीत. फळ आणि फळाचा रस यांतला फरकही बराचसा इथेच आहे.

आणि हे अन्न आपल्याला शोधत येतं. ते स्वस्त असतं, टिकतं, जागोजागी मिळतं, त्याच्या जाहिराती हुशार माणसं खपून करतात. कोणा एका दुकानदाराला किंवा कंपनीला दोष देऊन भागत नाही. लोक जे पुन्हा पुन्हा विकत घेतात ते बनवायचं, हाच धंद्याचा नियम. आपण जास्त खाल्लं की कोणाचीतरी विक्री वाढते, कमी खाल्लं तर कोणाचीच वाढत नाही.

"मग व्यायाम करा की"

करावाच. पण वजन उतरवण्याचं साधन म्हणून त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षा फार मोठी आहे. सत्तर किलोचा माणूस तासभर बऱ्या वेगानं चालला तर ढोबळमानानं 250 कॅलरी खर्च होतात. अर्धा लिटर गोड पेयात दोनशेच्या वर असतात, आणि ते प्यायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं असं की शरीर इथेही हातचा राखतं. 2012 साली हर्मन पाँट्झर यांच्या गटानं टांझानियातल्या हाद्झा लोकांचा ऊर्जाखर्च मोजला. हे लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात, दिवसभर पायी फिरतात. तरी शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडची उधळपट्टी थांबवून काही अंशी बरोबरी साधतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मग बैठ्या आयुष्याचा दोष काहीच नाही का? आहे, पण तो बहुधा जिमच्या बाहेर आहे. 1999 साली जेम्स लेव्हिन यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज 1,000 कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाच्या अंगावर जेमतेम 0.36 किलो चरबी चढली, तर कोणाच्या 4.23 किलो. ज्यांच्या अंगी लागलं नाही ते व्यायाम करत नव्हते. ते नकळत चुळबुळ करत होते, उभे राहत होते, इकडेतिकडे फिरत होते. आता ज्या जगात जिने, चालणं, ओझं उचलणं, उठून दिवा लावणंसुद्धा यंत्रांनी काढून घेतलं आहे, तिथे चुळबुळ्या माणसालाही चुळबुळीला निमित्त उरत नाही.

झोप

थोडक्यात सांगतो. 2004 सालच्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांच्यात लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त आढळलं. मोठा पुरावा 2022 चा: वजन जास्त असलेले, कमी झोपणारे 80 जण घेतले. त्यातल्या निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली. त्यांना आहाराबद्दल कोणी काही बोललं नाही, तरी त्यांचं खाणं इतरांच्या तुलनेत दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी कमी झालं. रात्रपाळी करणाऱ्याला किंवा तान्ह्या बाळाच्या आईला "झोप वाढवा" सांगणं सोपं आहे, हेही खरं.

"आमच्या घराण्यातच आहे"

बऱ्याच अंशी खरं. 1986 साली डेन्मार्कमधल्या 540 दत्तक व्यक्तींचा अभ्यास झाला. मोठेपणी त्यांची शरीरयष्टी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती, वाढवणाऱ्यांशी नाही.

यावर लगेच येणारा सवाल रास्त आहे: जनुकं तर पिढ्यान् पिढ्या तीच आहेत, मग वजनं आताच का वाढली? समजा एका गावातल्या काही घरांची छपरं गळकी आहेत. पाऊस नाही तोवर सगळी घरं सारखीच कोरडी. पावसाची झड लागली की कोणाचं छप्पर कसं आहे ते दिसतं. छपरं जुनीच, पाऊस नवा. म्हणूनच एकाच कचेरीत बसून एकच डबा खाणाऱ्या दोघांपैकी एकाचंच पोट सुटतं, आणि न सुटलेला दुसऱ्याला संयमाचे धडे देतो.

काहींच्या बाबतीत कारण आणखी वेगळं असतं. स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, थायरॉइडचा मंदावलेला कारभार. अशा वेळी आधी डॉक्टर, मग डाएट.

"चाळिशीनंतर होतंच हो"

हा समज आता मोडीत काढायला हरकत नाही. 2021 साली 29 देशांतल्या, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत 6,400 हून जास्त लोकांच्या ऊर्जाखर्चाच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या गेल्या. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं तर वीस ते साठ या वयात खर्च जवळजवळ स्थिर राहतो. घसरण साठीनंतर सुरू होते, तीही हळूहळू. चाळिशीत वाढतं ते खुर्चीतलं काम, जबाबदाऱ्या, ताण आणि अपुरी झोप.

उतरवणं एक काम, टिकवणं दुसरं

इतकं वाचून हातपाय गाळायचं कारण नाही. 'आदर्श' वजन गाठलं तरच फायदा, ही समजूत आधी सोडून द्यावी. 2002 साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठी चाचणी झाली. उद्दिष्ट होतं वजन फक्त 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. ऐंशी किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. आरशात फारसा फरक दिसला नसेल, पण रक्तात दिसला.

उतरलेलं वजन टिकवण्याच्या कामी मात्र व्यायाम खराच उपयोगी पडतो. वजन उतरवून वर्षानुवर्षं टिकवणाऱ्यांची एक नोंदवही अमेरिकेत 1994 पासून ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात आणि नियमित वजन करतात. मोहाला रोज तोंड देण्याऐवजी मोह घरात न आणणं जास्त स्वस्त पडतं, हे मात्र मी स्वानुभवानं सांगतो. दुकानात एकदा 'नाही' म्हणणं जमतं, डबा समोर असताना संध्याकाळभर म्हणणं जमत नाही.

इंजेक्शन नेमकं काय करतं

आता त्या सुईकडे येऊ. सेमाग्लुटाइडसारखी औषधं चरबी वितळवत नाहीत. जेवणानंतर आतड्यातून निघणाऱ्या, पोट भरल्याचं सांगणाऱ्या हार्मोनची ती नक्कल करतात. आपलं स्वतःचं हार्मोन काही मिनिटांत विरतं, औषध आठवडाभर टिकतं. (या कुळातलं 2005 साली मान्यता मिळालेलं पहिलं औषध 'हिला मॉन्स्टर' या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका द्रव्यावरून आलं. निसर्गाला कोण, कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.) 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध घेणारे अनेकजण सांगतात की डोक्यात सतत चाललेली खाण्याची कुजबुज थांबली. ही माणसं एका रात्रीत संयमी झाली नव्हती. निरोप बदलल्यावर त्यांचं वागणं बदललं.

"म्हणजे पळवाटच ना?" असं म्हणणाऱ्यांना मी चष्म्याचं उदाहरण देतो, पण ते पुरतं लागू पडत नाही. चष्म्यानं मळमळत नाही, उलट्या होत नाहीत. वजनाबरोबर स्नायूही घटतात, ही चिंताही चष्म्याला नाही. एका बाबतीत मात्र उदाहरण चपखल बसतं. त्याच चाचणीतल्या काही लोकांवर औषध थांबवल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवलं, तर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं होतं. सुई चालू होती तोवर पहारेकऱ्याचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, एवढंच. डॉक्टरांना "किती किलो उतरतील?" हे सगळेच विचारतात. "बंद केल्यावर काय?" हे पहिल्या सुईच्या आधी विचारून घ्यावं.